ऊन पाण्याची वाट

आमचा एक भाचा गेली काही वर्षे इंग्लंडात असतो. तेथे त्याने एक जुने घर घेतले आणि हिवाळा तोंडावर आलेला असताना घर उबदार राखणारी सारी नळयोजना आपल्या हातांनी नव्याने घालण्याचा संकल्प सोडला. त्या देशात नळकाम करणाऱ्याची मजुरी ऐकूनच अंगाला ऊब येते, असे तो म्हणतो. एके दिवशी मोबाइलवर त्याचा मजकूर आला : ‘मामा, तुम्ही घरकामांवर लिहिता म्हणून विचारतो. रेडिएटरच्या नळ्या तांब्याच्या घालू की प्लॅस्टिकच्या?’

आता नवागामात रेडिएटर म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती मालमोटारीच्या नाकामागची पाण्याची जाळी. ‘डिंडोली रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला विचारून कळवितो’, असे उत्तर आमच्या बोटांच्या टोकाशी आलेही होते. मग उलगडा झाला की, हा रेडिएटर म्हणजे खिडकीखाली भिंतीला टेकून उभी केलेली पत्र्याची पोकळ पाटी. एका बंबात तापलेले पाणी पंपाच्या जोराने घरभर फिरते, प्रत्येक पाटीत आपली ऊब ठेवते आणि गार होऊन पुन्हा बंबाकडे परतते. आमच्या सुरतेत थंडी ती केवढी! पौषात चार सकाळी स्वेटर बाहेर निघतात आणि त्यांची डांबराच्या गोळ्यांची दरवळ जाण्यापूर्वीच ते पुन्हा पेटीत जातात. तेव्हा या विषयाशी आमचा संबंध काय, असे वाचकांना वाटेल.

परंतु तापलेले पाणी नळीतून न्यायचे तर ती नळी कशाची असावी, हा प्रश्न आमच्याही गच्चीवर पडला होता. आणि त्याचे उत्तर आम्ही एकदा नव्हे, दोनदा चुकलो. पहिल्या चुकीत सौभाग्यवतींचे पापड गेले. दुसरी चूक आईच्या जिवावर बेतली असती. भाच्याला धाडलेले उत्तर त्यामुळे अंमळ लांबले. त्यातले जे आपल्याकडील घरांना लागू पडते, ते या महिन्याच्या पानात देत आहोत.

प्रथम एक कबुली देऊन टाकतो. आमच्या लहानपणी घरात ऊन पाण्याला नळी अशी नव्हतीच. अमळनेरहून आईबरोबर आलेला तांब्याचा बंब मोरीच्या दाराशी उभा असे. मधल्या नळकांड्यात निखारे, भोवती पाणी आणि पोटाला एक तोटी. पाणी जेथे तापे तेथेच ते बादलीत पडे. त्याची वाट हातभर लांबीची. त्या वाटेवर गळण्यासारखे, गंजण्यासारखे किंवा फुटण्यासारखे काही नव्हते. वडील सुरतेला मागाच्या कारखान्यात लागले आणि भुसावळ-सुरत गाडीने बिऱ्हाड इकडे आले, तेव्हा पितळी डब्यांच्या आधी हा बंब गाडीत चढला होता, असे आई अजून सांगते. तापीचे पाणी खानदेशातून निघून सुरतेस येते आणि आम्हीही त्याच वाटेने आलो.

मराठीचा माणूस असल्यामुळे आणखी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘नळ’ हा शब्द मुळात बोरूचा, पोकळ देठाच्या गवताचा. महाभारतातल्या नळराजाला वरुणाने आणि अग्नीने वर दिले होते की, तो इच्छील तेथे पाणी आणि इच्छील तेथे अग्नी प्रकट होईल. तो विपन्नावस्थेत बाहुक नावाचा सारथी होऊन राहिला असता दमयंतीच्या दासीने त्याच्या ठायी हेच पाहिले : त्याची दृष्टी पडताच रिकामी भांडी पाण्याने भरत आणि हातातले गवत आपोआप पेट घेई. पाणी आणि अग्नी या दोहोंवर सत्ता असलेला हा एकच नळ. आपल्या भिंतीतल्या नळांना तो वर मिळालेला नाही. त्यांच्यापैकी एखादा पाण्याला पुरतो, तर एखादाच आगीलाही. शहाण्याने एवढे तरी ओळखावे.

वडिलांनी १९८८ साली नवागामातल्या घराला गच्चीवरच्या टाकीपासून मोरीपर्यंत जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी घातली. बाजारात हिला जी.आय. म्हणतात. तिच्यावर रंगाचा पट्टा असतो : पिवळा म्हणजे हलकी, निळा म्हणजे मध्यम, तांबडा म्हणजे जड. वडिलांनी निळ्या पट्ट्याची घेतली. उसन्या डायने आटे पाडले आणि सांध्यांना सफेदा लावून सुताळी गुंडाळली. ते काम तीस वर्षे गळले नाही. लोखंडी नळीचे बळ मोठे. खिळा ठोकताना हातोडी चुकली तरी तिला काही होत नाही, उन्हात ती वाकत नाही, दोन आधारांमध्ये झोळ धरीत नाही. परंतु तिची कातडी म्हणजे जस्त, आणि ते जस्त पाण्याने, विशेषतः तापलेल्या पाण्याने, हळूहळू झिजते. पाणी सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की लोखंडाची राखण करणारे हे जस्त कधीकधी आपला धर्मच सोडते आणि लोखंडावर खड्डे पडू लागतात. त्यात आमच्या वस्तीतले बोअरचे पाणी जड. ते तापले की त्यातला चुना नळीच्या आतल्या अंगाला धरतो आणि अर्ध्या इंचाची वाट पेन्सिलीएवढी होऊन बसते.

२०११ साली आम्ही गच्चीवर सूर्यचूल बसविली, म्हणजे पाणी तापविणारी सौर पेटी. शंभर लिटरची, काचेखाली तांब्याच्या नळ्या असलेली. टाकी वर आणि तापणारी पेटी खाली असते. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते आणि गार पाणी खाली उतरते. पंप लागत नाही. ते ऊन पाणी खाली आणण्यासाठी वडिलांची लोखंडी नळीच पुढे वाढविली. पाच-सहा वर्षांत बादलीत तांबूस पाणी येऊ लागले. मग एके दिवशी नळीला सुईच्या अग्राएवढी भोके पडली. कारण पुढे कळले : तांब्यातून जाणारे पाणी तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश आपल्याबरोबर नेते. तो अंश पुढच्या जस्तावर बसला की तेथे विजेची एक चिमुकली घटमाला तयार होते आणि जस्त व लोखंड खाल्ले जाते. म्हणून नळकामाचा एक जुना नियम आहे : पाण्याच्या वाटेवर तांबे आधी आणि जस्ताचे लोखंड नंतर, असा क्रम नको. आम्ही नेमका तोच घातला होता.

२०१७ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही स्वतः हात घातला. शाळा बंद, हाताशी वेळ, आणि घरात गार पाण्याच्या कामातून उरलेली पांढरी पी.व्ही.सी. नळी पडलेली. दुकानात जाऊन पुन्हा पैसे कशाला टाकायचे? करवतीने कापली, सोल्युशन लावले, जोडली. दोन तासांत काम फत्ते. सौभाग्यवतींनी विचारले, ‘अहो, ही चालेल ना ऊन पाण्याला?’ आम्ही मुख्याध्यापकी थाटात उत्तरलो, ‘न चालायला काय झाले?’

हिवाळाभर तिने कुरबुर केली नाही. होळी झाली आणि आमच्या लक्षात आले की, भिंतीवरच्या दोन पकडींच्या मधला भाग कपड्यांच्या दोरीसारखा खाली लोंबू लागला आहे. आम्ही मधे एक पकड वाढविली आणि प्रकरण मिटविले. चैत्रात, भर दुपारी बाराच्या सुमारास, गच्चीवर जुन्या लुगड्यांवर नागलीचे पापड आणि कुरडया वाळत पडल्या होत्या. टाकीखालचा सांधा निसटला. शंभर लिटर कढत पाणी वाळवणावरून वाहत गेले. कुरडया उलटवीत बसलेल्या सौभाग्यवती वेळीच उठल्या म्हणून पावलाला चटका बसण्यावर निभावले. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडीसुद्धा काही सेकंदांत भाजून काढते, हे आम्ही नंतर वाचले. लहान मुलाला तर तेवढाही अवकाश मिळत नाही. पापडांविषयी घरात पुढे काय बोलणे झाले ते या मासिकात छापण्याजोगे नाही.

दोष नळीचा नव्हता. साधी पी.व्ही.सी. ही गार पाण्याची नळी आहे. सुमारे ४५ अंशांपर्यंत ती आपला धर्म पाळते आणि तेथेही तिचे बळ निम्म्याच्या आसपास आलेले असते. पुढे ती मऊ होते. आपल्या घरांत नळीवरचा दाब तसा थोडाच असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याने चौरस सेंटिमीटरवर एक किलो भार पडतो आणि आपली टाकी तोटीच्या तीन-चार मीटरच वर. म्हणून ‘दाब कितीचा सोसते’ हा दुकानदाराचा आवडता आकडा ऊन पाण्यापुरता कमी महत्त्वाचा. ‘किती अंशांवर सोसते’ हे विचारले पाहिजे. आम्ही ते विचारले नाही, कारण आम्ही दुकानात गेलोच नव्हतो.

यानंतर प्लंबरला बोलाविले. त्याने लोंबणारी नळी पाहिली, आमच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाला, ‘गुरुजी, ही सफेद नळी. गरमला पिवळी लागते.’ पिवळी म्हणजे फिकट पिवळसर रंगाची सी.पी.व्ही.सी. दोघी बहिणीच. साध्या पी.व्ही.सी.त वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. कारखान्यात तिच्यावर आणखी क्लोरीन चढवून ते प्रमाण ६३ ते ६९ टक्क्यांच्या आसपास नेतात. तेवढ्याने तिची उष्णता सोसण्याची शक्ती कितीतरी वाढते आणि कारखानदार ९३ अंशांपर्यंतची ग्वाही देतात. भारतीय मानक संस्थेने तिच्यासाठी २००७ साली १५७७८ क्रमांकाचे मानक काढले. नळीवर तो क्रमांक छापलेला असतो, तो चष्मा लावून वाचावा.

तिची भिन्न प्रकृती मात्र ओळखून वागावे लागते. तिचे सोल्युशन निराळे. पांढऱ्या नळीच्या डबीतले उरलेले चालत नाही. नळी काटकोनात कापावी, कड घासून काढावी, सोल्युशन दोन्ही अंगांना लावून पाव वळसा देत आत दाबावी आणि अर्धा मिनिट तशीच धरून ठेवावी. सोडली तर ती हळूच मागे सरते. जेथे तोटी किंवा गीझरला आटे लागतात तेथे पितळी आट्यांचे फिटिंग घ्यावे. प्लॅस्टिकचेच आटे पान्याने आवळले की केसाएवढी चीर पडते आणि ती सहा महिन्यांनी, बहुधा पाहुणे आलेले असताना, बोलू लागते. तेलकट रंग वा ग्रीस तिला लागू देऊ नये. उन्हात उघडी राहणार असेल तर तिच्यावर पाण्याचा रंग द्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, तिला वाढायला जागा ठेवावी. हे गणित आम्ही सातवीच्या वर्गालाही घातले होते. तीन मीटरची सरळ नळी ४० अंशांनी तापली तर लोखंडाची सुमारे दीड मिलिमीटर वाढते, तांब्याची दोन, सी.पी.व्ही.सी.ची साडेसात आणि साध्या पी.पी.आर.ची अठरा. दोन्ही टोके भिंतीत सिमेंटने पक्की करून टाकली तर ही वाढ जाणार कोठे? ती नळीला धनुष्यासारखी वाकविते, नाही तर सांध्याला ढकलते. म्हणून लांब सरळ वाटेत एखादे काटकोनी वळण मुद्दाम द्यावे आणि पकडी अशा ठेवाव्यात की नळी त्यांच्यातून सरकू शकेल. भिंतीत गाडायची असेल तर भोवती मऊ वेष्टन हवे; त्याने उष्णताही टिकते.

पी.पी.आर.चा उल्लेख आला म्हणून सांगतो. ही बहुधा हिरवी किंवा पांढरी असते आणि तिचे सांधे सोल्युशनने नव्हे, तर सुमारे २६० अंशांवर तापलेल्या यंत्राने वितळवून एकजीव करतात. सांधा उत्तम होतो. पण यंत्र हवे आणि हात सरावलेला हवा. घरच्या घरी पहिल्यांदा करणाऱ्याने तिच्या नादी लागू नये, असे आमचे मत. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा मध्ये घेऊन आतबाहेर प्लॅस्टिक चढविलेली नळीही मिळते. ती हाताने वळते आणि वळविल्यावर तशीच राहते. परंतु तिच्यातही गार पाण्याची आणि ऊन पाण्याची असे दोन वंश आहेत. रूप सारखे, आतल्या थराचे प्लॅस्टिक वेगळे. तांबे तर सर्वांत उत्तम, पण त्याची किंमत ऐकून माणूस गार पाण्याने आंघोळ करू लागतो.

जाडी किती घ्यावी यावर आमच्या घरी वाद झाला. ‘मोठी घ्या, पाणी जोराने येईल’, असे सर्वांचे मत. आम्ही वही काढली. गच्चीवरून मोरीपर्यंत १२ मीटर वाट. नळीचा आतला व्यास १५ मिलिमीटर असेल तर तिच्यात सुमारे २.१ लिटर पाणी मावते. २० असेल तर ३.८, आणि २५ असेल तर ५.९ लिटर. रात्रभरात हे सारे गार होते, आणि सकाळी तोटी उघडल्यावर तेवढे सांडल्याशिवाय ऊन पाण्याचे दर्शन होत नाही. टाकी उंच नसल्यामुळे अर्ध्या इंचाने धार फार बारीक येते. म्हणून पाऊण इंचावर तह झाला. ते गार पाणी आता बादलीत धरून तुळशीला जाते.

२०१८ च्या उन्हाळ्यात हे काम पुरे झाले. तिसऱ्या दिवशी आम्हीही फुशारलो आणि राहिलेली जुनी लोखंडी नळीही काढवून सर्वत्र पिवळी-पांढरी करून घेतली. भिंतीत, मोरीच्या तोटीमागे, वीतभर लोखंडी तुकडा राहिला. तो काढायचा तर फरशी फुटत होती. ‘राहू द्या’, असे आम्ही म्हणालो. वडिलांच्या हातची तेवढीच एक खूण राहील, असेही मनात आले.

श्रावणात चार दिवस सूर्य दिसला नाही आणि मोरीतला विजेचा गीझर लावला. आई आंघोळीला गेली आणि लगेच बाहेर येऊन म्हणाली, ‘नळ माले चावना.’ आम्ही हसलो. तिचे वय झाले, हाताला मुंग्या येतात, असे समजलो. दुसऱ्या दिवशी ती तोटीला टॉवेलाने धरू लागली, तेव्हा आम्ही टेस्टर आणून तोटीला टेकविला. त्यातला दिवा लागला.

वाचकहो, ती सकाळ आम्ही विसरणार नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली बहात्तर वर्षांची बाई, हातात धातूची तोटी, आणि तोटीत वीज. मुख्य बटण बंद करून आम्ही कितीतरी वेळ ओट्यावर बसून होतो. वायरमन आला. त्याने गीझर उघडला : आतली तापणारी कांब फुटून वीज पेटीला लागली होती. हे कोणत्याही गीझरला केव्हाही होऊ शकते, आणि त्यासाठीच अर्थिंगची तार असते. मग ती कोठे गेली होती? फार वर्षांपूर्वी ज्याने घरात वायरिंग केले त्याने ती तार जवळच्या लोखंडी नळीला पकडीने बांधून टाकली होती. त्या काळी पुष्कळ घरांत तसे करीत. लोखंडी नळी भिंतीतून खाली जमिनीत जाई आणि चुकलेली वीज तिच्याबरोबर निमूट मातीत उतरे. तीस वर्षे वडिलांची नळी पाण्याबरोबर हेही काम करीत होती आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता. आम्ही नळी काढली. तार मात्र त्या वीतभर तुकड्याला बांधलेलीच राहिली. प्लॅस्टिक वीज वाहत नाही. तेव्हा गीझरमधून सुटलेली वीज अर्थिंगच्या तारेने त्या तुकड्यात आली, आणि तुकड्याच्या पुढल्या टोकाला मोरीची तोटी होती. जी तार वाचविण्यासाठी होती, तिनेच वीज आईच्या हातापर्यंत आणून पोचविली.

त्याच आठवड्यात अंगणात अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा करवून घेतला, प्रत्येक प्लगची तार तपासून घेतली आणि मुख्य फलकावर आर.सी.सी.बी. बसविली. ३० मिलिअँपिअर वीज भलत्या वाटेने जाऊ लागताच ती क्षणार्धात सारा पुरवठा तोडते. फरशी फोडून तो लोखंडी तुकडाही काढला. आमच्या ओळीतल्या जुन्या घरांपैकी ज्यांनी ज्यांनी नळ बदलले होते त्यांच्याकडे आम्ही टेस्टर घेऊन हिंडलो. दोन घरांत अर्थिंग नळीलाच बांधलेले सापडले, त्यांतल्या एका घरी तर गीझरही तोच, जुना. म्हणून या पानाच्या वाचकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, लोखंडी नळी काढून प्लॅस्टिकची घालण्याचा बेत असेल तर प्लंबरच्या आधी वायरमनला बोलवा. त्याला एकच प्रश्न विचारा : आमच्या घराचे अर्थिंग कोठे जाते? आणि तोटीला नुसती झिणझिणी जाणवली, तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हसू नका. टेस्टरवरही सारा भरवसा ठेवू नका. बटण बंद करा आणि जाणत्याकडून तपासून घ्या.

गीझरविषयी आणखी दोन शब्द. गीझरच्या तोंडाशी प्लॅस्टिकची नळी थेट जोडू नये. पहिली हातभर वाट धातूची किंवा तारेच्या विणीची लवचिक नळी असावी. थर्मोस्टॅट बिघडला तर तेथे पाणी उकळीपर्यंत जाते. गीझरवरची दाब सोडणारी झडप ठिबकते म्हणून तिला बूच मारणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. ती ठिबकते म्हणजे आपले काम करते. बूच मारलेला गीझर म्हणजे भिंतीवर टांगलेला सुतळी बाँब. सौर टाकीच्या डोक्यावर उघडी सोडलेली हवानळी असते, तिचेही तसेच. चिमण्या घरटी करतात म्हणून तिच्यात कापडाचा बोळा कोंबू नये. तोंडाला जाळी बांधावी. सुटीत गावी जाताना पाणी न वापरता पेटी उन्हात राहिली तर ते शंभर अंशांच्या जवळ जाऊ शकते, आणि तेथे पिवळ्या नळीचीही ग्वाही संपते. म्हणून टाकीपासूनचा पहिला तुकडा आम्ही धातूचाच ठेवला आहे, आणि गावी जाताना पेटीवर जुनी चादर बांधतो.

आता भाच्याचे उत्तर. त्याचे पाणी आणि आपले पाणी यांत एक मोठा भेद आहे. आपल्या नळीतून रोज नवे पाणी जाते आणि ते आपल्याबरोबर नवा प्राणवायू आणते. म्हणून आपले लोखंड गंजतच राहते. त्याच्या रेडिएटरांत तेच ते पाणी वर्षानुवर्षे फिरते. त्यातला प्राणवायू सुरुवातीच्या थोड्याशा गंजात संपून जातो आणि मग पोलादी पाट्या निर्धास्त राहतात. परंतु साध्या प्लॅस्टिकच्या नळीतून बाहेरच्या हवेतला प्राणवायू अगदी हळूहळू आत झिरपतो. पाणी बाहेर येत नाही, हवा मात्र आत जाते. मग पाट्या आतून गंजतात आणि तळाशी काळा गाळ साठतो. यासाठी रेडिएटरकरिता प्राणवायू अडविणारा थर दिलेली वेगळी प्लॅस्टिकची नळी तेथे मिळते. आम्ही त्याला लिहिले : फरशीखालून वाकवीत न्यायची ती अशी थराचीच प्लॅस्टिकची घे, थर आहे की नाही ते नळीवर वाचून पाहा. बंबापासूनचा पहिला मीटर तांब्याचा ठेव, आणि डोळ्यांना दिसणारा भाग तांब्याचा असला तर झोळही येणार नाही व शोभाही राहील. पाण्यात गंजरोधक औषध घाल. जुन्या घरात नळ्या धातूच्या असतील तर त्या काढण्यापूर्वी तेथील विजेच्या जाणकाराला घर दाखव. हे वाक्य आम्ही दोनदा लिहिले. आणि फळ्या ठोकण्यापूर्वी पाणी भरून, दाब देऊन, एक रात्र जाऊ दे.

गेल्या आठवड्यात त्याचा मजकूर आला. त्याने पाणी भरले, दाब दिला, फळ्या उघड्या ठेवून झोपला, आणि सकाळी स्वयंपाकघराच्या छताला ताटाएवढा ओला डाग दिसला. प्लॅस्टिकच्या नळीच्या टोकात सांधा बसविण्यापूर्वी एक लहान बाही आत सरकवायची असते, ती एका ठिकाणी राहून गेली होती. फळ्या उघड्याच असल्यामुळे पाव तासात दुरुस्ती झाली. ‘आजीला हे सांगू नका’, असे त्याने शेवटी लिहिले आहे. आई हे मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, हे तो विसरला असावा.